अठरा कोरे गोळे

मार्च लागला की माझं डोकं फिरायला लागतं. बाहेर हळद शिजत असते. कनेरगाव नाक्यावरून हिंगोलीकडे बस निघाली की दोन्ही बाजूंच्या शेतांतून वाफ वर येताना दिसते, आणि तिचा ओला, मातकट, थोडा उग्र वास खिडकीतून आत शिरून माझ्यासोबत थेट कॉलेजपर्यंत येतो. पोरापोरींची नखं पिवळी असतात. सकाळी शेतात हळदीच्या ढिगावर आणि अकरा वाजता माझ्या वर्गात, अशी त्यांची या दिवसांतली ये-जा. मग त्या पिवळ्या नखांचा एक हात वर होतो आणि गेल्या वर्षी विचारलेला, त्याच्या आदल्या वर्षी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला जातो.

"म्याडम, येतच नसलं तर कोणता टाकायचा?"

मी बारावीला गणित शिकवते, आणि बोर्डाचा पेपर झाला की मार्चमध्ये पुढच्या प्रवेश परीक्षांचे जादा वर्ग घेते. या पोरांच्या पुढच्या सगळ्या परीक्षा पर्यायांच्या: प्रश्न एक, उत्तरं चार, त्यातल्या एकाचा गोळा काळा करायचा. कोण म्हणतं, 'क' टाकावा, पेपर काढणाऱ्याचा जीव 'क'वर असतो. एकानं खोडरबराच्या चार बाजूंवर अ, ब, क, ड लिहून ठेवलंय, तो ते बाकावर टाकून बघतो. एक पोरगी म्हणाली, "म्याडम, चारातलं एक बराबर असतंच ना? मंग चार प्रश्न अंदाजानं टाकले तर एक तर येणारच."

"येणारच नाही. येऊ शकतो."

फळ्यावर मांडून दाखवलं. एक अंदाज चुकण्याची शक्यता पाऊण. चारही चुकण्याची, पाऊण गुणिले पाऊण, गुणिले पाऊण, गुणिले पाऊण. शंभर जणींनी असे चार-चार प्रश्न टाकले तर बत्तीसेक जणींच्या हाती भोपळा. तिनं वहीत सगळं नीट उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मान वर करून म्हणाली, "पण म्याडम, माझा एक येणारच."

मी खडू ठेवून दिला.

खरं सांगते, त्या पोरीवर मी इतकं चिडायचं काही कारण नव्हतं. ही चिडचिड मी घरून आणलेली आहे, आठ वर्षांपूर्वीच्या एका मार्चमधून. ते दिवस अजून उतरायला तयार नाहीत.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आई आमच्या गावातली अंगणवाडी सेविका. रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आमचं गाव. अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक ओटा आणि भिंतीवर कुणीतरी काढलेला, मान जास्तच लांब झालेला मोर. त्याआधीच्या वीस वर्षांत गावातलं असं एकही लेकरू नसेल, जे आईनं तोललं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-मेंढ्या राखायचे, थोडी कोरडवाहू जमीन करायचे.

त्या वर्षी सेविकांमधूनच पर्यवेक्षिका नेमायची परीक्षा निघाली. पर्यवेक्षिका म्हणजे पंचवीसेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. आईला ते व्हायचं होतं. तिनं असं कधी तोंडानं सांगितलं नाही, पण फॉर्म भरून आली त्या दिवशी तिनं माझं जुनं दप्तर धुऊन वाळत घातलं, तेव्हा मला कळलं. वयाच्या अटीत ती शेवटच्या वर्षाला बसत होती. पुढच्या खेपेला तिला फॉर्मच भरता येणार नव्हता.

तिचा अभ्यास पहाटे चालायचा. चुलीवर पाणी, मांडीवर पुस्तक. मी कॉलेजला सुट्टी असली की तिचा पेपर घ्यायची. शंभर प्रश्न, दोनशे गुण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा नाहीत. हे मी तीनदा वाचलं होतं, चौथ्यांदा तिला वाचून दाखवलं. चुकलं तर काहीच जात नाही.

पहिल्या सराव पेपरात तिनं सत्तावीस प्रश्न कोरे सोडले.

"हे काय?"

"ते मला येत न्हाईत."

"नसू दे. काहीतरी टाकायचं ना! वजा नाहीत गुण."

"काहीतरी म्हंजे काय?"

"म्हणजे कोणताही एक. सत्तावीस टाकले तर सहा-सात तरी येतात. तेरा-चौदा गुण फुकट."

आईनं पेन्सिल कानावर ठेवली. "मला माहीत न्हाई, अन् मी माहीत हाय असं काहून लिहू?"

मला वाटलं, तिला समजलं नाही. मी पुन्हा समजावलं. शेंगदाणे घेतले, चार वाट्या घेतल्या, एका वाटीखाली दाणा ठेवून खेळ मांडला. आईनं खेळ छान खेळला, पाच वेळांत दोनदा दाणा काढला, हसली. मग पुढचा पेपर घेतला आणि त्यात तेवीस प्रश्न कोरे सोडले.

मी तिच्या शेजारी बसून एकेक कोरा प्रश्न काढला. एकात जीवनसत्त्वाबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, "पयले दोन तर न्हाईतच. ह्या खालच्या दोहोंतलं एक हाय, पण कोणतं ते ध्यानात न्हाई."

"अगं, मग तर अर्धी शक्यता आहे! दोन पर्याय तू स्वतःच्या डोक्यानं खोडलेस. हा अंदाजसुद्धा नाही, हे अर्धं ज्ञान आहे."

"अर्धं खरं असलं तर उरलेलं अर्धं खोटं न्हाई का?"

मी पेपर तिथंच टाकून उठले. बाहेर अण्णा एका बोकडाच्या पोटाखाली हात घालून त्याला जरासा उचलून बघत होते. बाजाराच्या आदल्या दिवशी ते नेहमी असं करायचे. "साडेबावीस," ते म्हणायचे, आणि हिंगोलीच्या बाजारात काट्यावर बोकड चढला की साडेबावीस नाही तर बावीसच भरायचा. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "तुमी तर रोज अंदाज करता. तुमी खोटं बोलता का? सांगा तिला."

अण्णा बोकडाला खाली ठेवत म्हणाले, "माझा अंदाज चुकला तर बोकडाला काय फरक पडतो, माय?" आणि हसून चारा आणायला निघून गेले. तेव्हा मला वाटलं, हाही माणूस विषय टाळून राहिला.

तो सगळा महिना असाच गेला. गाव हळदीत बुडालेलं. घरोघरी अंगणात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या अंथरून हळकुंडं वाळत पडलेली. उन्हात डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळं दिसायचं. आणि घरात आम्ही मायलेकी एकमेकींशी तुसड्यासारख्या. मी तिला शक्यतेचा एक पूर्ण धडाच शिकवला. चाळीशी ओलांडलेल्या त्या बाईनं तो नीट समजून घेतला, मला उलट प्रश्न विचारले, गणितं सोडवली, बरोबर सोडवली. पेपर आला की येत नसलेल्या प्रश्नापाशी तिची पेन्सिल थांबायची, गोळ्याच्या वर दोन क्षण राहायची, आणि पुढच्या प्रश्नाकडे सरकायची. तिला पटत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नव्हती. पटलेलं होतं. हात उतरत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत हिंगोलीला गेले. एका शाळेत केंद्र होतं. फाटकापाशी बायकांची गर्दी, काहींच्या कडेवर लेकरं, काहींचे नवरे मोटारसायकलीवर टेकून उभे. मी आईचा हात धरला. "शेवटची दहा मिनिटं राहिली की सगळे कोरे गोळे भरायचे. एकही सोडायचा नाही. शपथ घे."

"शपथ कशाला? बघते."

"बघते नाही. भर."

"व्हय, व्हय," म्हणत ती आत गेली. मी दोन तास समोरच्या लिंबाखाली उभी होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. पेपर चांगला गेला म्हणाली. मी तिच्या हातातून उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी ओढून घेतली आणि तिथंच, उभ्या उभ्या मोजली. अठरा गोळे कोरे होते.

"आई, अगं अठरा!"

"आधी सत्तावीस व्हते," ती म्हणाली. "नऊ कमी झाले ना?"

बसमध्ये मी तिच्यापासून दोन बाकं मागं जाऊन बसले.

निकाल उन्हाळ्याच्या शेवटी लागला. आईचं नाव यादीत नव्हतं. यादीत यायला तिला चार गुण कमी पडले. चार गुण, म्हणजे दोन प्रश्न. अठरा कोऱ्या प्रश्नांतले फक्त दोन.

मी वही घेऊन बसले. अठरा प्रश्न डोळे मिटून भरले असते तर किमान दोन बरोबर येण्याची शक्यता किती? मी गणित दोनदा केलं, उत्तर तेच आलं. शंभरात शहाण्णव. मी ती वही घेऊन चुलीपाशी गेले आणि आईच्या पुढ्यात आपटली.

"शहाण्णव! शंभरातल्या शहाण्णव जणी पास झाल्या असत्या. त्या अठरांतलं काही न येता, नुसते गोळे भरून. तू वीस वर्षं घासलीस, तुला सगळं येत होतं, आणि तू घरी बसलीस. कशासाठी? कुणी बघत होतं का?"

आईनं वहीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे चार जणी नापासच झाल्या असत्या."

"हो, चार."

"मंग मी त्या चारांतली असते तर?"

"नसतीस!"

"हे तू कशावरून सांगतीस?"

माझं गणित तिनं माझ्यावरच उलटवलं होतं, आणि बरोबर उलटवलं होतं. मी वही उचलली, फाडली, आणि गोठ्याकडे जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

अण्णा मागून आले. शेळीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "तुला चंद्रकलाची पोरगी माहीत हाय ना?"

माहीत होती. आमच्याच गल्लीतली, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, दिवसभर उड्या मारणारी.

"ती दीड वर्साची व्हती तव्हाची गोष्ट. अंगणवाडीचा काटा मोडला व्हता. तुझ्या मायनं वर दोनदा कळवलं, काटा काही आला न्हाई. महिन्याचा तक्ता तर द्यायचाच व्हता. वरून सांगितलं, अंदाजानं भरा, एका महिन्यानं काय व्हतंय? तिनं भरले. चंद्रकलाच्या पोरीचं तोंड चांगलं भरलेलं दिसून राहिलं व्हतं, म्हून तिनं मागल्या महिन्यापेक्षा जास्त वजन लिवलं. ते भरलेलं नव्हतं, माय. सूज व्हती. पंधरा दिवसांनी पोरगी डोळे उघडंना. दवाखान्यात महिनाभर व्हती. वाचली. पण तुझी माय तव्हापासून..." त्यांनी शेळीचं दावं सैल केलं. "तुला अभ्यास लई हाय, मला न्हाई. पण तिला त्या गोळ्यात काय दिसतं, ते तुझ्या वहीत येत न्हाई."

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असणार. आई महिनाभर रोज हिंगोलीला दवाखान्यात जायची, एवढंच मला आठवत होतं. चंद्रकलाला सोबत म्हणून जाते, असं ती सांगायची.

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. गोष्टी अशाच असतात, राग जातो, डोळे भरतात, लेक आईच्या गळ्यात पडते. माझा राग गेला नाही. उलट त्याला आता धरायला जागा उरली नाही म्हणून तो जास्तच भणभणायला लागला. मला ओरडून सांगायचं होतं की परीक्षेतल्या गोळ्यामागं कुठलं लेकरू नसतं, तिथं चुकलं तर कुणाचे डोळे मिटत नाहीत. पण हे तिलाही माहीत होतं. शेंगदाण्यांनी खेळताना ती हसली होती ना.

आणि पुढं तर हद्द झाली. आमच्या भागाला त्याच यादीतून नवी पर्यवेक्षिका आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, स्कूटीवर येणारी, मोकळी बाई. पहिल्याच भेटीत आमच्या ओट्यावर चहा पिताना म्हणाली, "खरं सांगू का मावशी, पंधरा-सोळा प्रश्न तर मी देवाचं नाव घेऊन टाकले बघा." मी आईच्या तोंडाकडे बघितलं. आई हसत होती. मला वाटलं, आता हिचा तिरस्कार करायला तरी मला मोकळीक आहे. पण त्या बाईनं महिन्याभरात अंगणवाडीला नवा आकड्यांचा काटा आणून दिला. ज्याच्यासाठी, जुनाच दुरुस्त करकरून चालवत, आईनं इतकी वर्षं अर्ज केले, तो काटा. त्यासाठी ती कुठल्या कुठल्या टेबलांशी भांडली, ते नंतर कळलं. चांगली निघाली ती. आईसुद्धा तिचं नाव काढते. मग मी राग कुणावर काढायचा? परीक्षेवर? जी परीक्षा माहीत असलेल्याला आणि नसलेल्याला एकच काळा गोळा देते, आणि तरी कधी कधी बरोबर माणूस निवडते?

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी या कॉलेजच्या नोकरीसाठी परीक्षा दिली. तीही पर्यायांची, तीही गुण वजा न करणारी. अकरा प्रश्न मला अजिबात येत नव्हते. मी घड्याळ बघितलं, पेन घेतला आणि अर्ध्या मिनिटात अकराही भरून टाकले. मन जराही थांबलं नाही. उत्तरसूची आल्यावर मी ताडून पाहिलं. अकरांतले चार बरोबर आले होते. तीन आले असते तर माझं नाव यादीत नसतं. चार किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकोणतीस. शहाण्णव हातात असताना आईनं ते घेतले नाहीत, आणि मी एकोणतिसांवर नोकरीला लागले.

घरी पेढे आणले होते. आईनं सगळ्या गल्लीत वाटले, चंद्रकलाच्या पोरीच्या तोंडात स्वतःच्या हातानं घातला. मग माझ्याजवळ बसली आणि विचारलं, "सगळे येत व्हते का गं?"

मी म्हटलं, "व्हय. सगळे येत होते."

त्या एका उत्तरापायी मी तीन वर्षं वर्गात पोरांवर खेकसते आहे, हे मला या मार्चपर्यंत नीट कळलं नव्हतं. वहीत दोन रेघा मारणाऱ्या त्या पोरीपुढं मी खडू ठेवून दिला, संध्याकाळभर चिडचिडले, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होताच गावची बस धरली.

आई अंगणवाडीत होती. महिन्याचा वजनाचा दिवस. ओट्यावर आयांची रांग, लेकरांची रडारड, आणि बाहेरच्या ताडपत्रीवर कुणाची तरी हळद वाळत पडलेली. मदतनीस बाई त्या दिवशी आली नव्हती. आईनं मला बघताच म्हटलं, "बरं झालं आलीस. लेकरं काट्यावर ठेव अन् आकडा सांग, मी लिवते."

दोन लेकरं झाली, तीन झाली. चौथ्याच्या वेळी मी काट्याकडे बघतच म्हणून टाकलं. "आई, नोकरीच्या परीक्षेत मला सगळे येत नव्हते. अकरा प्रश्न मी अंदाजानं टाकले. त्यातले चार लागले म्हणून नोकरी मिळाली. तुला खोटं सांगितलं."

आईनं लिहिता लिहिता विचारलं, "चार लागले?"

"हो."

"बरं केलंस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बरं केलंस? अगं, बरं केलंस काय? मग तू का नाही टाकलेस तेव्हा? अठरा गोळे! आठ वर्षं मी..."

"वरडू नको, लेकरू भ्यायलं." तिनं मान वर केली. "तुझं फळ्यावरचं काम. चुकलं तर पुसता येतं. मला इथं एकदा अंदाजाची सवय लागली असती ना, तर मोडली नसती. मला माझा हात माहीत हाय." आणि पुन्हा वहीकडे वळली. "परीक्षेचं काय एवढं. चल, पुढचं लेकरू घे."

परीक्षेचं काय एवढं! तीन वर्षं ज्याचं ओझं घेऊन फिरले, ते तिनं एका वाक्यात खाली ठेवून टाकलं होतं, आणि आठ वर्षांच्या माझ्या रागाचं काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. रांगेतली एक आई हसली. मी तिच्या कडेवरची गुबगुबीत पोरगी घेतली आणि काट्यावर बसवली. पोरगी पाय झाडत होती, आकडा वर-खाली पळत होता. माझे डोळे भरून आले होते, कशानं ते सांगता येणार नाही.

"किती?" आईनं विचारलं.

"अकरा तीनशे."

"बघून सांग."

मी डोळे पुसले, पोरगी स्थिर होईपर्यंत थांबले, आणि वाकून पाहिलं. अकरा दोनशे ऐंशी होते.